हवाई टपालाची घाई

३१ डिसेंबर १९३५ च्या रात्री ‘सिटी ऑफ खार्टूम’ ही उडती बोट अलेक्झांड्रियाजवळ आली होती. क्रीट बेटावरच्या मिराबेला उपसागरातून ती निघाली होती आणि मुक्काम अगदी काही मिनिटांवर होता. तेवढ्यात तिची तिन्ही इंजिने बंद पडली आणि ती काळोखात समुद्रावर आदळली. आत १३ माणसे होती. त्यांतला एकटा वैमानिक, व्हर्नन गोरी विल्सन, वाचला. ब्रिटिश नौदलाच्या ‘ब्रिलियंट’ या विनाशिकेने सुमारे पाच तासांनी त्याला पाण्यातून वर काढले. बाकीचे १२ जण गेले. पुढे चौकशी झाली तेव्हा इंजिने बंद पडण्याचे कारण समोर आले. विमानातले इंधन संपले होते.

त्या विमानातल्या टपालाच्या काही थैल्या नंतर पाण्यातून मिळाल्या. पत्रे सुटी करून वाळवली गेली आणि ज्यांचे पत्ते वाचता आले ती ज्याची त्याला पोहोचवली गेली. त्यातले एक पाकीट माझ्याकडे आहे. त्यावरचे तिकीट पाण्याने सुटून गेले आहे, डिंकाचा पिवळा चौकोन तेवढा उरला आहे. शाई पसरली आहे, तरी पत्त्यातले ‘कराची’ वाचता येते. समुद्राच्या पाण्याने खराब झाल्याचे सांगणारा रबरी शिक्का त्यावर आहे. तो मारणाऱ्याने तिकिटाची रिकामी जागा सोडून, पत्ता झाकला जाणार नाही अशा बेताने मारला आहे. माझी सगळी नोकरी टपालाच्या सॉर्टिंगमध्ये गेली. असा शिक्का मारताना माणूस एक क्षण थांबलेला असतो, हे मला कळते. रोजच्या टपालावर कोणी असे थांबत नाही.

तिकिटे जमवणाऱ्यांच्या जगात अशा पाकिटांना चांगली किंमत येते आणि त्यांची जाडजूड सूचिपत्रे निघतात. मला त्यांच्या किमतीत फारसा रस नाही. विमान पडले कसे, हे शोधता शोधता मी या पाकिटांपर्यंत आलो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडन ते हिंदुस्थान या हवाई वाटेवर जे अपघात झाले त्यांच्याबद्दल वाचताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसत गेली. ती म्हणजे वेळापत्रक. वादळ, काळोख, बर्फ, कमी पडलेले पेट्रोल ही कारणे अहवालांत असतातच. पण त्या काळोखात किंवा त्या बर्फात विमान मुळात होते कशासाठी, हा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा एकच येते. टपाल वेळेवर पोहोचायचे होते.

रेल्वेच्या टपालात वाढलेल्या माणसाला वेळापत्रक हे पवित्र वाटते. मेलची वेळ झाली की थैलीचे तोंड आवळायचे, लेबल बांधायचे, लाखेचे सील मारायचे आणि थैली फलाटावर धाडायची. एखादे पत्र खणात राहिले तर ते पुढच्या मेलने जाईल. यात कुणाचा जीव जात नाही, कारण रूळ पावसातही तिथेच असतात आणि रात्रीही. विमानाला रूळ नव्हते. तरीही त्याला रेल्वेचेच वेळापत्रक लावले गेले, आणि माझे म्हणणे असे की त्या वीस वर्षांतले कितीतरी मृत्यू या एका गोष्टीतून आले.

ही वाट पहिल्यांदा सैन्याने पाडली. १९२१ पासून रॉयल एअर फोर्सची विमाने कैरो ते बगदाद टपाल नेत होती. वाळवंटात खुणेचे काही नाही म्हणून जमिनीवर मोटारींच्या चाकोऱ्या पाडल्या आणि काही ठिकाणी नांगराने सरळ तास ओढले. वैमानिक त्या रेघेवर डोळा ठेवून उडत. वाटेत उतरण्यासाठी जागा आखून त्यांना अक्षरे आणि आकडे दिले होते. इंजिन थकले की उतरायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा निघायचे. त्या सैनिकी सेवेत उतरणे हा प्रवासाचाच भाग धरलेला होता, आणि मला ते शहाणपणाचे वाटते.

मग इंपीरियल एअरवेज आली. ३० मार्च १९२९ ला, शनिवारी, क्रॉयडनहून कराचीकडे नियमित सेवा सुरू झाली. प्रवास सात दिवसांचा, उतारूचे भाडे १३० पौंड. क्रॉयडन ते बाझल विमानाने. पुढे आल्प्स आडवा म्हणून बाझल ते जिनोआ रेल्वेने. जिनोआहून भूमध्य समुद्रावरून ‘कलकत्ता’ जातीच्या उडत्या बोटीने अलेक्झांड्रियापर्यंत. आणि तिथून ‘हर्क्युलिस’ या तीन इंजिनांच्या विमानाने गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशहर, लिंगे, जास्क, ग्वादर आणि कराची. इतक्या ठिकाणी जोड. एक सांधा निसटला की पुढचे सगळे निसटणार. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. सिंध १९३६ मध्ये वेगळा झाला. आपल्याकडचे टपाल कराचीला उतरे आणि तिथून पुढे जमिनीवरून सावकाश मुंबईला येई. लंडनहून सात दिवसांत आलेली थैली शेवटच्या टप्प्यात रखडे, हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे टाटांचा विषय येणार आहे.

सेवा सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच ६ सप्टेंबर १९२९ ला ‘सिटी ऑफ जेरुसलेम’ हे हर्क्युलिस इराणच्या किनाऱ्यावर जास्कला अंधारात उतरताना कोसळले आणि जळाले. वैमानिक होता अल्बर्ट एडवर्ड वुडब्रिज. महायुद्धात, ६ जुलै १९१७ ला, दोन आसनी विमानाच्या पुढच्या भागात मशीनगन घेऊन बसलेला असताना त्याने मॅनफ्रेड फॉन रिख्तहोफेनच्या, म्हणजे ‘रेड बॅरन’च्या, डोक्याला जखम केली, असे श्रेय त्याला दिले जाते. ज्या वैमानिकाने ऐंशी विमाने पाडली त्याच्यासमोरून हा माणूस जिवंत परतला, आणि शांततेच्या काळात, एका लहानशा मुक्कामावर, टपालाच्या फेरीवर असताना गेला. जास्कचा मुक्काम दिवसाउजेडी गाठायला हवा होता. उजेड गेल्यावर विमान पोहोचले, एवढे पुरले.

त्यानंतर दोन महिनेही गेले नाहीत. २६ ऑक्टोबर १९२९ ला नेपल्सहून जिनोआकडे निघालेली ‘सिटी ऑफ रोम’ ही उडती बोट हिंदुस्थानचे टपाल घेऊन परत चालली होती. स्पेत्सियाजवळ वादळात तिला समुद्रावर उतरावे लागले. बोट होती, त्यामुळे ती लगेच बुडाली नाही. मदतीला आलेल्या जहाजाने तिला दोर बांधून ओढायचा प्रयत्न केला. रात्र पडली, समुद्र खवळलेलाच होता, आणि त्या रात्रीतच ती आतल्या सातही माणसांसह गेली. इंजिन बंद पडले तर उडती बोट पाण्यावर तरंगेल, या भरवशावर समुद्राचा टप्पा तिच्यावर सोपवला होता. तो भरवसा शांत समुद्रापुरता होता.

तारखेची हीच घाई एका हवाई जहाजालाही भोवली, आणि त्याची गोष्ट नाशिकपासून सुरू होते. १३ एप्रिल १८७५ ला नाशिकला एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ख्रिस्तोफर बर्डवुड थॉमसन जन्मला. हाच पुढे लॉर्ड थॉमसन, मजूर पक्षाच्या सरकारातला हवाई मंत्री. आर-१०१ हे सरकारने बांधलेले प्रचंड हवाई जहाज त्याच्या खात्याचे. लांबी ७७७ फूट, पोटात हायड्रोजनच्या पिशव्या. या जहाजाच्या बांधणीत हिंदुस्थान आधीपासून मिसळलेला होता. उष्ण हवेत पेट्रोलचा भडका उडेल म्हणून डिझेल इंजिने घेतली, ती फार जड निघाली. उष्ण हवेत उचलही कमी मिळते. म्हणून १९३० च्या उन्हाळ्यात जहाज मधोमध कापून एक वाढीव भाग घातला आणि आणखी एक पिशवी बसवली. कराचीला त्याच्यासाठी बांधण्याचा मनोरा आणि भलीमोठी शेड उभी राहिली.

वाढवलेले जहाज त्यानंतर १ ऑक्टोबरला एकदाच, सुमारे १७ तास, उडवून पाहिले. एका इंजिनाचे तेल थंड करणारे यंत्र बिघडल्यामुळे पूर्ण वेगाची चाचणी झालीच नाही. पिशव्या सांगाड्याला घासून फाटतात, याबद्दल एका तपासनिसाने जुलैमध्येच लेखी चिंता कळवली होती. पण लॉर्ड थॉमसनना हिंदुस्थानला जाऊन २० ऑक्टोबरपर्यंत लंडनला परत यायचे होते, कारण तिथे साम्राज्य परिषद भरलेली होती आणि मंत्री कराचीहून हवेतून परततो आहे हे साऱ्या वसाहतींच्या प्रतिनिधींना दिसणे महत्त्वाचे होते. पुढचा व्हाइसरॉय म्हणून त्यांचे नाव घेतले जात होते. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी पावसात कार्डिंग्टनचा मनोरा सुटला. रात्री दोननंतर फ्रान्समध्ये बोव्हेजवळ जहाज खाली आले आणि पेटले. ५४ पैकी ४८ जण मेले. त्यांत थॉमसन होते, आणि नागरी विमानसेवेसाठी ज्यांनी आयुष्य वेचले ते सर सेफ्टन ब्रँकरही होते.

या अपघाताची चौकशी सर जॉन सायमन यांच्याकडे आली. होय, तेच सायमन. १९२८ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात काळ्या झेंड्यांनी ज्यांचे स्वागत झाले आणि ज्यांना देशभर ‘परत जा’ ऐकावे लागले, तेच. हिंदुस्थानच्या भवितव्याबद्दल त्यांनी काय लिहिले ते बाजूला ठेवतो. या चौकशीत मात्र त्यांनी प्रामाणिक काम केले. पुढच्या एका पिशवीतून वायू निघून गेला असावा, हे तांत्रिक कारण त्यांनी दिलेच. पण तिथे न थांबता अहवालात असेही नोंदवले की त्या संध्याकाळी निघणे सार्वजनिक धोरणाच्या दृष्टीने फार इष्ट मानले गेले नसते, तर हे जहाज त्या दिवशी हिंदुस्थानकडे निघालेच नसते. मेलेल्या मंत्र्याच्या तारखेकडे एका सरकारी चौकशीने बोट दाखवले. मी आजवर वाचलेल्या अपघातांच्या अहवालांत हे वाक्य मला सर्वांत धाडसाचे वाटते. नाशिकमधले कितीतरी मित्र मला विचारतात की या थॉमसनच्या जन्माची खूण गावात कुठे आहे का. मी त्यांना सांगतो, खूण शोधू नका, तो अहवाल वाचा.

या सगळ्यात कधी कधी नशीब धावून येई. एप्रिल १९३१ मध्ये ऑस्ट्रेलियापर्यंत टपाल नेण्याचा प्रयोग चालू असताना ‘सिटी ऑफ कैरो’ हे हर्क्युलिस तिमोर बेटावर कुपांगच्या अलीकडे पेट्रोल संपून खाली बसले. माणसे सुखरूप राहिली, आणि ऑस्ट्रेलियन वैमानिक चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ आपले ‘सदर्न क्रॉस’ विमान घेऊन आला आणि थैल्या पुढे घेऊन गेला. पेट्रोल तिथेही संपले होते आणि अलेक्झांड्रियातही. एका वेळी खाली जमीन होती, दुसऱ्या वेळी रात्रीचा समुद्र.

सणासुदीच्या टपालाने तर अधिकच बळी घेतले. डच कंपनी केएलएमचे ‘उइवर’ हे डीसी-२ विमान ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंड ते मेलबर्न शर्यतीत दुसरे आले. प्रवासी घेऊन जाणारे विमान शर्यतीच्या खास विमानांच्या बरोबरीने धावले, याचे जगभर कौतुक झाले. त्याने वाटेत अलाहाबादला मुक्काम केला होता. दोन महिन्यांत तेच विमान नाताळचे टपाल घेऊन बटाव्हियाकडे जलद फेरीवर निघाले आणि २० डिसेंबरला इराकच्या वाळवंटात रुतब्याजवळ, खराब हवेत, कोसळून जळाले. सातही जण गेले. चार वर्षांनी, २७ नोव्हेंबर १९३८ ला, नाताळच्याच टपालाने भरलेली ‘कॅल्पर्निया’ ही उडती बोट इराकमधल्या हब्बानिया तलावाशी पडली आणि चार कर्मचारी मेले. मी स्वतः डिसेंबरातली थैल्यांची रास पाहिली आहे. ती संपवायची म्हणून माणसे जेवण टाकतात, झोप टाकतात. हाताने सॉर्टिंग करणाऱ्याने झोप टाकली तर फार तर एखादे पत्र चुकीच्या खणात पडते.

‘कॅल्पर्निया’ ज्या जातीची होती त्या मोठ्या ‘एम्पायर’ बोटी एका मोठ्या योजनेसाठी बांधल्या होत्या. साम्राज्यातले सगळे पत्र-टपाल जादा आकार न घेता विमानानेच न्यायचे. हिंदुस्थानसाठी ही योजना १९३८ च्या फेब्रुवारीत लागू झाली. या बोटी कराचीहून निघून राजसमंद तलावात, ग्वाल्हेरला, अलाहाबादला आणि शेवटी हुगळीत उतरत. वजन वाढले, फेऱ्या वाढल्या. त्याआधीच, २४ मार्च १९३७ ला, ‘कॅप्रिकॉर्नस’ फ्रान्समधल्या बोजोलेच्या डोंगरात हिमवादळात आदळली होती. पाच मेले, जखमी रेडिओ ऑपरेटर बर्फातून कसाबसा एका शेतघरापर्यंत गेला, म्हणून बाहेरच्या जगाला कळले. डिसेंबर १९३७ मध्ये ब्रिंडिसीला ‘सिग्नस’ उड्डाण करतानाच पडली आणि दोघे गेले. १२ जून १९३९ ला ‘सेंच्युरियन’ कलकत्त्याला हुगळीवर उतरताना वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाली. तिथे माणसे वाचली.

आता टाटा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून एक ‘पस मॉथ’ घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. शेवटच्या टप्प्यात टपाल रखडते ही अडचण त्यांनी सोडवली. हा प्रसंग आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. पण ज्या जातीच्या विमानातून ते आले त्या पस मॉथबद्दल फारसे लिहिले जात नाही. १९३० च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियात एक पस मॉथ हवेतच मोडले. त्यानंतर एकामागून एक तशीच मोडत गेली, पंख सुटून. पहिल्यांदा वैमानिकांना दोष दिला गेला, वादळाला दिला गेला. ब्रिटनमधल्या संशोधन संस्थांनी तुकडे गोळा केले, वाऱ्याच्या बोगद्यात नमुने ठेवून पाहिले, तेव्हा पंखाला आधार देणारी पुढची तिरकी दांडी पुरेशी ताठ नाही, हे ध्यानात आले. तिला मधे एक लहान जोडदांडी घातली. जानेवारी १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध वैमानिक बर्ट हिंकलर लंडनहून निघून पस मॉथमध्येच इटलीतल्या डोंगरात मेला. त्याचे अवशेष एप्रिलअखेर सापडले. म्हणजे जेआरडी कराचीहून निघाले तेव्हा या विमानांचा प्रश्न जगभर उघडाच होता. तरुण टाटांचे धाडस खरोखर कशात होते हे पाहायचे तर ही तारीख त्या यादीशेजारी ठेवावी.

आणि तरीही या सेवेचा लौकिक वक्तशीरपणाचा आहे. पहिल्या वर्षी पावसाळा धरूनही एकही टपाल उशिरा गेले नाही, अशी प्रशंसा नागरी विमान खात्याच्या सरकारी अहवालात आहे. तेव्हा वाटेत ना रेडिओ होता, ना रात्री उतरण्याचे दिवे. हे कसे जमले? माझ्या मते त्याचे मोठे कारण त्यांनी जमीन जशी आहे तशी मानली हे आहे. जुहूची पट्टी म्हणजे समुद्रकाठचा चिखलाचा सपाट भाग. मुंबईचा पाऊस सुरू झाला की ती पाण्याखाली जाई. साहेबी हिशेबाने कोणी तिथेच उतरण्याचा हट्ट धरला असता. टाटांनी पावसाळ्यापुरता तळ हलवला आणि विमाने पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर उतरवली. सह्याद्रीवरचे ढग, घाटातले झोत, सगळे होतेच. पण वेळापत्रक आधी करून आभाळाला त्यात बसवायचे नाही, तर आभाळ आणि चिखल पाहून वेळापत्रक करायचे, हा क्रम त्यांनी उलटा केला नाही.

व्हिन्सेंट स्वतः दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, लष्करी विमानातून जात असताना गेले. भारतीय विमानसेवेचा पाया घालणारे ते दुसरे नाव. मुंबईत त्यांच्याविषयी शाळेत कोणी काही शिकवत नाही आणि ते मला खटकते. वुडब्रिजचेही तसेच, आणि ‘सिटी ऑफ खार्टूम’मध्ये गेलेल्या बाराजणांचेही. त्या सगळ्यांबद्दल सर्वसामान्य वाचकाला मिळेल असे मराठीत जवळजवळ काहीच नाही. माझ्याकडचे कराचीचे पाकीट, थॉमसनवरची टिपणे आणि पस मॉथच्या अहवालाची मी करवून घेतलेली प्रत मी एका वाचनालयाला देण्याचे ठरवले आहे. तिकीट गळून पडलेल्या त्या पाकिटासोबत त्या बाराजणांचा आणि त्या रात्रीच्या इंधनाचा मजकूर लिहून जोडायचा आहे, म्हणजे ते नुसते दुर्मीळ तिकीट-संग्रहाच्या कपाटात जाऊन पडणार नाही.